सावत्र आईच्या गोष्टीत बाप कुठे असतो?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी चहासोबत परत वाचला आणि म्हटलं याला दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई नागपूरच्याच, वय ३४, आठ महिन्यांआधी लग्न झालं, नवऱ्याची पहिली बायको आजारपणात गेली, मुलगी ९ वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हिमगौरी आणि सात बुटक्यांचं नाटक होतं, पोरीला त्यात जंगलातलं झाड केलं होतं, आणि त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "तू पण मला जंगलात पाठवशील का?" नवरा हसला आणि मोबाईल पाहत राहिला. ताई "छे गं, वेडी आहेस का" म्हणाल्या आणि किचनमध्ये जाऊन रडल्या. त्यात बाजूच्या काकू येताजाता म्हणतात, "सावत्र असून किती करते हो पोरीचं." ताईंनी विचारलंय की या गोष्टींत काही तथ्य असतं का, पोरांच्या मनावर याचा खरंच परिणाम होतो का, आणि मी आता काय करू.

मी २२ वर्षांपासून कौटुंबिक समुपदेशन करते, आधी एका संस्थेत, मग धरमपेठेत स्वतःचं. दुसऱ्या लग्नाची घरं माझ्याकडे बरीच येतात. आधी यायची ती बहुतेक बायको वारल्यावर लग्न केलेल्यांची, आता घटस्फोटानंतरची जास्त येऊन राहिलीत. आणि एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बघते, ती म्हणजे खोलीत कोण कुठे बसलं. दहापैकी आठ वेळा सावत्र आई माझ्या समोरच्या खुर्चीत, हातात रुमाल, आरोपी असल्यासारखी, आणि साहेब दाराजवळच्या खुर्चीत, जसं काही हे दोघींचं भांडण आहे आणि ते नुसते गाडी चालवत आले. तुमच्या प्रश्नातलं "मोबाईल पाहत राहिला" हे वाक्य मला म्हणूनच लगेच दिसलं. पण त्याच्याकडे येते, आधी गोष्टींचं बोलू.

सावत्र हा शब्दच बघा नं. तो सवत या शब्दाच्या घरातला आहे, आणि सवत म्हणजे संस्कृतमधली सपत्नी, एकाच नवऱ्याची दुसरी बायको. म्हणजे या शब्दात आई कुठेच नाही, लेकरू तर नाहीच नाही, यात आहे ते दोन बायकांचं एका घरातलं भांडण. एका घरात दोन चुली असत, एक आवडती, एक नावडती, आणि कोणाच्या पोराला काय मिळणार हा रोजचा प्रश्न असे, तेव्हाचा हा शब्द. हिंदूंमध्ये दोन बायका करणं देशभर कायद्याने बंद झालं ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, माझ्या आईच्या लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यांमध्ये दोन-दोन बायकांची घरं होती. ती घरं गेली पण शब्द राहिला आणि तो अशा बाईला चिकटला जिला सवत नाहीच, जिच्या आधीची बाई फोटोत आहे.

आणि आपण नागपूरकर तर हा शब्द फारच उदारपणे वापरतो. विदर्भ महाराष्ट्रात घेताना झालेला १९५३ चा नागपूर करार, डिसेंबरातलं अधिवेशन, अनुशेष, काहीही विषय निघू द्या, पेपरात हेडलाइन ठरलेली, "विदर्भाला सापत्न वागणूक". भाषणात तर सरळ "सरकार सावत्र आईसारखं वागतंय". माझ्याकडे एक बाई यायच्या, दोन सावत्र पोरांना दहावी-बारावी पार करवलेल्या, त्या एकदा पेपर घेऊनच आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, यांचा निधी यांनी पळवला, मला काहून मधात घेतलं?" मी हसले पण नंतर दिवसभर ते डोक्यात राहिलं. पोरं हे ऐकतच मोठी होतात. त्यांना गोष्ट वाचायची पण गरज नाही, टीव्हीवरच्या बातम्या पुरतात.

आता गोष्टी. मी तुम्हाला एक सवय लावून देते, सावत्र आईची कोणतीही गोष्ट समोर आली की आधी त्यात बाप शोधायचा. ध्रुवाची गोष्ट घ्या. आपल्याला लक्षात राहते सुरुची, तिने ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही. पण मांडी कोणाची होती? उत्तानपाद राजाची. राजा होता बाप्पा तो, पाच वर्षांचं लेकरू समोर रडत होतं आणि राजा गप्प बसला. त्याचं नाव विचारलं तर अर्ध्या लोकांना आठवत नाही. रामायणात कैकेयीचं नाव कोणी आपल्या पोरीला ठेवत नाही, पण वर देऊन ठेवणारे दशरथ महाराज होते, आणि सकाळी रामाला काही सांगायची वेळ आली तेव्हा बोलावं लागलं तेही कैकेयीलाच. दर सुट्टीत आपण रामटेकला जातो, गडावर वनवासाच्या गोष्टी सांगतो, आणि सगळा राग तिच्याच नावावर टाकून खाली उतरतो.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं तर अजूनच मजेशीर आहे, आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगते कारण तुमच्या पोरीच्या शाळेतलं नाटक तिथूनच आलं. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी ही सावत्र नव्हतीच, तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. हॅन्सेल आणि ग्रेटेलमध्ये पण तेच, आधी सख्खी आई, १८४० च्या आवृत्तीपर्यंत ती सावत्र झाली. पुस्तक घराघरात पोरांच्या हातात जायला लागलं होतं आणि सख्खी आई एवढी क्रूर दाखवणं लोकांना झेपत नव्हतं, मग सगळं पाप दुसरीच्या पदरात. आणि हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात नेऊन सोडायला बायकोबरोबर कोण गेलं होतं? बाप. शेवटी पोरं परत येऊन कोणाच्या गळ्यात पडतात? बापाच्याच. बायको मधल्या मधे मरून गेलेली असते. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी खूप वेळ हसले आणि मग चिडले.

तर तथ्य आहे का याचं उत्तर असं की गोष्टींमागे खरी परिस्थिती होती. बाळंतपणात बायका फार मरायच्या, वर्षाच्या आत घरात दुसरी यायची. आपल्याकडे त्याला शब्दच होता, "बिजवराला दिली" किंवा "दुसरेपणावर दिली". पोरगी चौदा-पंधराची, नवरा पस्तिशीचा, मोठं लेकरू तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच लहान. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या पोटी पोरगा झाला तर जमिनीत वाटेकरी, नाही झाला तर म्हातारपणी ती सावत्र मुलाच्या दयेवर. अशी बाई स्वतःच्या लेकराच्या ताटात थोडं जास्त वाढत असेल तर ते खरंच असेल, मी नाही म्हणत नाही. माझी स्वतःची आजी भंडाऱ्याकडची, अशीच बिजवराला दिलेली, दोन पोरं आयती मिळाली आणि नंतर तिची चार झाली. आमचे मोठे काका तिचे सख्खे नव्हेत हे मला बावीस-तेवीस वर्षांची असताना एका लग्नात कोणीतरी बोलता बोलता सांगितलं. तिचं शेवटचं दुखणं काढलं ते त्यांनीच. घरात तो शब्द कोणी वापरलाच नव्हता कधी.

इथेच माझं एक निरीक्षण आहे. सावत्र आई चांगली निघाली की तिच्या नावामागचं सावत्र गळून पडतं. कुंती नकुल-सहदेवांची कोण होती? सावत्र आईच की. माद्री गेल्यावर ती पोरं तिनेच वाढवली, तरी तुम्ही कोणाच्या तोंडून "सावत्र आई कुंती" ऐकलंय का? यक्षाने जेव्हा एकच भाऊ जिवंत करतो म्हटलं तेव्हा युधिष्ठिराने भीम-अर्जुन सोडून नकुल मागितला, कारण कुंतीचा एक पोरगा मी आहे, माद्रीचाही एक राहिला पाहिजे. असं बोलणारा पोरगा ज्या घरात तयार झाला ते सावत्र घरच होतं. सुमित्रा रामाची सावत्र आईच, कौसल्या भरताची सावत्रच. पण यांना आपण नुसतं आई म्हणतो आणि सावत्र शब्द कैकेयी-सुरुचीसाठी राखून ठेवतो. मग शब्द वाईट वाटेल नाही तर काय होईल.

दुसरं चित्रही तेवढंच त्रासाचं आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. ती सिरियलमधली देवी. जी येते आणि दुसऱ्या दिवसापासून पोराला पोटच्यासारखं मानते, स्वतःचं मूल नको म्हणते, अपमान गिळते, आणि शेवटच्या भागात पोरगं धावत येऊन आई म्हणतं. तुमच्या काकूंचं "सावत्र असून किती करते हो" हे त्यातलंच आहे. ते कौतुक नाहीये ताई, ती देखरेख आहे. दोनच जागा ठेवल्यात, राक्षसीण नाही तर देवी, आणि ऑफिस करून थकून आलेली, कधी चिडणारी, रविवारी उशिरा उठावंसं वाटणारी साधी बाई बसायला जागाच नाही. सख्खी आई पोरीवर ओरडली तर शिस्त, तुम्ही ओरडलात तर "बघा". नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते उगाच नाही. माझ्याकडच्या एका घरात तर शब्दशः तेच होतं, पोरगी डबा रोज परत आणायची, आलूच्या भाजीत "माझी आई सांबार वरून टाकायची, ही आधी टाकते". (बाहेरच्यांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) आजीने त्यावरून अख्ख्या नातेवाईकांत फोन केले. सांबाराचा प्रश्नच नव्हता तो.

तान्ह्या पोळ्याला मारबत पाहिली असेलच तुम्ही. काळी आणि पिवळी निघते, अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर, "घेऊन जा गे मारबत" ओरडत, खोकला, रोगराई, महागाई, जे जे वाईट ते सगळं त्या बाईच्या पुतळ्यावर लादायचं आणि शहराबाहेर नेऊन जाळायचं. मला तो सण आवडतो, दरवर्षी जाते. पण सावत्र घरात मी हेच पाहते, फक्त ढोल नसतात. पहिली गेली त्याचं दुःख कोणी नीट केलेलं नाही, आजीला मुलगी गेल्याचा राग आहे, बापाला लवकर लग्न केल्याचा अपराधी भाव आहे, पोराला झोप नाही, मार्क घसरले, आणि हे सगळं जिच्या अंगावर लादता येईल अशी एकच बाई घरात नवीन आलेली आहे.

आता तुमची पोरगी. तिचा तो प्रश्न भीतीपेक्षा जास्त चाचपणीचा होता असं मला वाटतं. खरंच घाबरलेलं नऊ वर्षांचं लेकरू विचारत नाही, ते गप्प होतं, अंथरूण ओलं करतं, नखं खातं. विचारतंय म्हणजे तुमच्याशी बोलता येतं हे तिला कळलंय. आठ महिन्यांत हे झालं हे चांगलं आहे. तुम्ही एक बघितलंय का, की एखादा दिवस फार मस्त जातो, फुटाळा तलावावर गेलात, मक्याचं कणीस खाल्लं, ती तुमचा हात धरून चालली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तोंड फुगलेलं, वेणी घालू देत नाही, "तू माझी आई नाहीस"? जवळजवळ प्रत्येक घरात हे असंच होतं आणि नवीन आया इथेच खचतात. तिला तुम्ही आवडल्या, हीच तिची अडचण आहे. हिच्यावर प्रेम केलं तर आईशी बेइमानी होईल, असं तिच्या पोटात कुठेतरी बसलेलं असतं, शब्दात सांगता येत नाही, मग ती तुम्हाला ढकलते. तेव्हा रागवू नका आणि समजवायलाही जाऊ नका, नुसतं म्हणा की "तुला आईची आठवण आली का, चल तिचा फोटो बघू". तो फोटो हॉलमध्ये असेल तर हॉलमध्येच राहू द्या. पोरीला न विचारता तो हलवायचा नाही, मग घराला पेंटिंग करायचं असो की सासूबाई सांगोत.

आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात नोंद आहे की काही जातींत दुसरी बायको गळ्यात पहिलीची छोटी प्रतिमा घालायची, स्वतः जेवायच्या आधी तिला नैवेद्य दाखवायची. त्यामागे भीती होती, की पहिलीचा आत्मा त्रास देईल. मला त्यातली भीती नको आहे, पण पहिली या घरात होती आणि ती मोजावी लागते, एवढं त्या लोकांना कळत होतं. आजकाल उलटं करतात, फोटो कपाटात, साड्या कामवालीला, मोबाईलमधले व्हिडिओ डिलीट, "पोरीला त्रास नको". पोरीला त्याचाच त्रास होतो. पितृपक्षात अविधवा नवमी येते, तुमच्याकडे करत असतील तर पोरीला विचारा आईला काय आवडायचं, आणि तिच्याबरोबर ते करा. एका घरात त्या दिवशी पाणीपुरी केली होती. गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, पण पोरगी पहिल्यांदा आईच्या आठवणी सांगत सांगत जेवली.

आणि वेळ. लोक म्हणतात "वर्षभरात जमेल". अमेरिकेतल्या पॅट्रिशिया पेपरनाउ, ज्यांनी सावत्र कुटुंबांवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या मते लवकर जमणाऱ्या घरांनाही चारेक वर्षं लागतात, साधारण घराला सात, आणि काहींना त्याहून जास्त. मेविस हेदरिंग्टन यांनी घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली, त्यांच्या कामातही हेच दिसतं की हे संथ चालतं आणि सावत्र आई-मुलगी ही जोडी जास्त अवघड. इथल्या माझ्या अनुभवाशी ते जुळतं. सहा-सातच्या आतलं लेकरू लवकर बिलगतं, बारा-तेराची पोरगी असेल तर डोक्यावर बर्फ ठेवून बसावं लागतं. तुमची नऊची आहे, मधात आहे. आठ महिने म्हणजे तुम्ही अजून पाहुण्याच आहात त्या घरात, वाईट वाटून घेऊ नका.

आता साहेब. ताई, हे उत्तर त्यांना वाचायला द्या. बायको गेल्यावर बाप फार एकटा पडतो, पोरीचा डबा, पॅड, शाळेची मीटिंग, सगळं अंगावर येतं, मला त्याची कणव आहे. पण मग दुसरं लग्न होतं आणि तो पोरीची सगळी जबाबदारी नव्या बाईच्या हातात देऊन हुश्श करतो. "आता तूच बघ." अभ्यासाला बसवायचं तिने, मोबाईल काढून घ्यायचा तिने, दात घासायला लावायचे तिने, आणि संध्याकाळी चॉकलेट घेऊन यायचं याने. मग वाईट कोण दिसणार? पहिली दोन-तीन वर्षं ओरडण्याचं, नाही म्हणण्याचं, नियम लावण्याचं काम सख्ख्या पालकाचं, हा नियम आहे आणि मी तो लिहून देते, फ्रिजवर लावा. तुम्ही फक्त "बाबांनी नऊ वाजता झोपायला सांगितलंय" इतकंच म्हणायचं. आणि पोरगी तुम्हाला उलट बोलली तर त्यावर उत्तर त्यांनी द्यायचं, तुमच्यासमोर, लगेच, "हिच्याशी असं बोलायचं नाही" म्हणून. रात्री खोलीत येऊन "तू मनावर घेऊ नको" म्हणणं कामाचं नाही. आठवड्यातून एकदा त्यांनी पोरीला एकटीला बाहेर न्यायचं, तुमच्याशिवाय, तर्री-पोहे खायला का होईना. बाप आपल्याला उरलाय हे तिला कळलं की तुमच्याशी स्पर्धा कमी होते.

आई म्हणायला लावू नका. सासूबाई सांगतील, "आई म्हण तिला". नका लावू. मावशी म्हणू द्या, नावाने म्हणू द्या, काहीतरी गमतीचं नाव ठेवू द्या. पूर्वी बऱ्याच घरांत बायको वारली की तिचीच बहीण करायचे, त्यामुळे मावशी आणि आई यांच्यातलं अंतर आपल्याकडे तसंही कमी आहे, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते आठवा. आणि तिच्या आजोळी जाणं तोडू नका, तिकडची आजी कितीही टोमणे मारो. त्या बाईची लेक गेलीय. एकदा तुम्ही स्वतः जाऊन तिला विचारा की पोरीच्या आईला लहानपणी काय म्हणायचे. उत्तर मिळेल न मिळेल, पण पोरीने ते पाहिलेलं असेल. (ज्यांच्याकडे पहिली बायको हयात आहे, घटस्फोट झालाय, त्यांचं थोडं वेगळं, तिथे एकच सांगते, पोराच्या हातून एकमेकींना निरोप पाठवू नका आणि तिकडे काय जेवला हे खोदून विचारू नका.)

एक कोरडा विषय आहे पण तो सांगितलाच पाहिजे, कारण गोष्टीतली सावत्र आई फार ताकदवान असते आणि कायद्यातली अगदी उलटी. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ६, त्यात स्पष्ट लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणताना "आई"त सावत्र आई धरायची नाही. म्हणजे रात्री दोन वाजता पोरीला घेऊन दवाखान्यात तुम्ही धावाल, पण पालक म्हणून सही मागितली तर कागदावर तुम्ही कोणी नाही. म्हणून शाळेत आणि डॉक्टरांकडे नवऱ्याचं लेखी पत्र आत्ताच देऊन ठेवा. वारसाचंही तसंच. तुमच्या स्वतःच्या कमाईचा फ्लॅट असेल आणि मृत्युपत्र नसेल तर पोरगी तुमची मुलगी म्हणून वारस होत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये सावत्र मुलाबाबत हे सांगितलंय, ती येते ती नवऱ्याची वारस म्हणून, मागच्या रांगेतून. द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. दत्तक घ्यायचं असेल तर कारा म्हणजे केंद्र सरकारची दत्तकविधान बघणारी संस्था, तिच्या नियमांत सावत्र पालकासाठी तरतूद आहे, पण ते पोरगी मोठी होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत थांबा असं माझं मत, वकिलांचं वेगळं असू शकतं. म्हातारपणाचं मात्र कायद्याने ऐकलंय, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पालक या व्याख्येत सावत्र आई-बाप दोन्ही आहेत. वाढवताना हक्क नाही, पोसून घेताना आहे, असा हा हिशोब.

तुम्ही विचारलं नाही पण वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारेलच, की मॅडम छळ करणाऱ्या सावत्र आया नसतातच का. असतात. मी पाहिल्यात. एका पोराला सहा महिने शिळं वाढलं जात होतं. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या जोडीने कॅनडातल्या नोंदी तपासून दाखवलं की सावत्र पालक असलेल्या घरात अगदी लहान पोराला धोका जास्त असतो. आता गंमत बघा, त्यांची मुख्य आकडेवारी सावत्र बापांची होती, पण त्या परिणामाला नाव पडलं सिंड्रेलाचं. सावत्र बापाला आपल्या गोष्टींत कोणी घाबरतं का? तर शेजारपाजारच्यांना सांगणं एवढंच, "सावत्र" ऐकून संशय घेऊ नका, पोराकडे बघून घ्या. वजन घटतंय का, अंगावर वळ आहेत का, शाळेला दांड्या आहेत का, घरी जायला टाळतंय का. तसं दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, घर सख्ख्याचं असो की सावत्राचं. त्या शिळं वाढणाऱ्या घरातला बाप मला म्हणाला होता की मला माहीतच नव्हतं. सहा महिने रोज रात्री तो त्याच टेबलवर जेवत होता.

शाळेत जाऊन बाईंशी भांडू नका, नाटक झालं ते झालं. आणि हिमगौरीचं पुस्तक घरातून काढूही नका, तुम्ही काढलंत की तिला वाटेल त्यात काहीतरी आहे. उलट रविवारी ते घेऊन बसा, तिघं. तिला विचारा, "हिमगौरीचे बाबा कुठे होते गं?" ती शोधेल, पानं उलटेल. ग्रिमच्या गोष्टीत राजा दुसरं लग्न करतो आणि तिथून पुढे त्याचा एक शब्दही येत नाही. ती म्हणेल, "माहीत नाही, असतील कुठेतरी." मग तिलाच ठरवू द्या ते कुठे होते आणि शिकारी आला तेव्हा त्यांनी काय करायला पाहिजे होतं, पोरं फार मस्त ठरवतात, एकीने माझ्याकडे राजाला जेसीबी घेऊन जंगलात पाठवलं होतं. फक्त तेव्हा साहेबांचा मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवा.